खड्डा दिसतो, झीज दिसत नाही: खराब बेडचं जुनं लेथ पुन्हा उभं करताना

एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या लिलावातून मी मायफोर्डचं एमएल७ हे छोटं लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातायचं यंत्र) उचललं, तेव्हा त्याचा बेड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात तो लांब पाया, बघून टेम्पोवाल्यानंही मान हलवली. चकच्या (तुकडा पकडणाऱ्या फिरत्या भागाच्या) खाली चार-पाच खोल पोचे, हॅकसॉचे दोन काप आणि टेलस्टॉककडच्या, म्हणजे समोरच्या आधाराकडच्या टोकाला गंजाचा तांबूस पट्टा. आमच्या शेजारचे तात्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं टर्नर होते. संध्याकाळी ते आले, लेथजवळ बसले आणि डोळे मिटून तर्जनीचं टोक बेडवरून हळूहळू फिरवू लागले. एका पोच्यापाशी बोट थांबलं. "खड्डं मोजत बसू नगंस," ते म्हणाले. "खड्डं काय करत न्हाईत. हितं बघ, कडेला बोट अडकतंय. हे वर आलंय, हे नडतंय. आणि जिथं तुला कायबी दिसत न्हाई, तिथं खरी झीज हाय."

पुढचे पाच महिने मी जे केलं ते सगळं या चार-पाच वाक्यांत होतं. हा लेख म्हणजे त्याच कामाचा क्रमवार तपशील. उदाहरण एमएल७चं आहे, कारण माझ्या हाताखालून तेच गेलं. सपाट बेडच्या इतर छोट्या लेथनाही यातलं बहुतेक लागू पडेल. व्ही-बेडच्या (उलट्या व्ही आकाराच्या पट्ट्यांच्या) लेथला मोजमापाची पद्धत थोडी वेगळी लागते, पण कामाचा क्रम तोच राहतो.

लेथची थोडी ओळख

एमएल७ हे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचं यंत्र. ते १९४६ मध्ये बाजारात आलं आणि घरच्या वर्कशॉपसाठीचं लेथ म्हणून जगभर गेलं. सेंटरची उंची साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ८९ मिमी. स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, नाकावर सव्वा इंचाला एक सूत कमी, म्हणजे १⅛ इंच व्यासाची, इंचाला १२ आट्यांची चुडी आणि आत दोन नंबरचा मोर्स टेपर (निमुळतं भोक). मूळ कंपनी २०११ मध्ये बंद झाली, पण सुटे भाग अजून मिळतात. जुनं लेथ घेताना हा मुद्दा मोठा असतो.

बेड बिडाचा (ओतीव लोखंडाचा), कडक न केलेला. त्यावर दोन सपाट लांब पट्ट्या असतात, त्यांना आपण वे म्हणू. सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, दोन्ही वेंच्या माथ्यावर बसतं. पण जुन्या एमएल७मध्ये ते सरळ चालतं ते फक्त पुढच्या वेच्या दोन उभ्या कडांच्या आधारानं. पुढच्या कडेला गिब (स्क्रूनं घट्ट-सैल करता येणारी पट्टी), आतल्या कडेला सॅडलची पक्की बाजू. मागच्या वेची बाहेरची उभी कड कोणाच्याच कामाला येत नाही, त्यामुळे ती कारखान्यातून निघाली तशीच कोरी राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

खोलण्याआधी एक चाचणी

लेथ जिथं ठेवलंय तिथंच ही चाचणी होते. विकत घेताना मालकासमोरसुद्धा करता येते, पाच मिनिटं लागतात. सॅडल चकजवळ आणा. गिबचे स्क्रू असे आवळा की सॅडल सरकतं, पण हाताला किंचित घट्ट लागतं. आता ते टेलस्टॉककडे न्या. सगळीकडे सारखंच चाललं तर बेड चांगला. मध्यावर जड झालं आणि टोकाला अडकलं, तर चकजवळ झीज आहे. माझं सॅडल दोन-तृतीयांश अंतरावर ठप्प झालं.

असं लेथ घेऊ नये असं मी म्हणणार नाही. सत्तर वर्षं चाललेल्या छोट्या लेथची झीज चकजवळच्या वीतभर जागेत असते, कारण नव्वद टक्के काम तिथंच होतं. घेऊ नये ते बेडला आडवी भेग असलेलं. भेग शोधायला जुनी रॉकेल-खडूची पद्धत पुरते. संशयाच्या जागी रॉकेल लावून अर्धा तास मुरू द्या, चिंधीनं कोरडं पुसा आणि वर खडू घासा किंवा चुन्याचा पातळ हात फिरवा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळसर रेघ उमटते. चकखालच्या खाचेच्या, म्हणजे गॅपच्या, कोपऱ्यात आणि पायांच्या बोल्टांभोवती नक्की बघा. पायाची भेग लोखंडी पट्टी बोल्टानं बसवून धरता येते, वेच्या आरपार गेलेली येत नाही.

चक काढताना

खोलायला घेतल्यावर पहिली अडचण इथंच येते. वर्षानुवर्षं न निघालेला चक चुडीवर चिकटून बसलेला असतो. अशा वेळी बॅक-गिअर (वेग कमी करणारी दातेरी चाकं) अडकवून चकला झटका द्यायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. त्यातल्या मोठ्या चाकाचे, बुल गिअरचे, दात बिडाचे आहेत. एक दात गेला की दुरुस्तीचं काम दुप्पट होतं. स्पिंडल धरायचा असेल तर पुलीवर चामड्याचा पट्टा गुंडाळून धरा. चकच्या जॉमध्ये जाड षटकोनी सळई पकडा, तिला लांब पाना लावा आणि पान्यावर हातोडीचा एक आखूड, कोरडा ठोका द्या. आदल्या रात्री चुडीत पातळ तेल सोडून ठेवा. माझा चक तिसऱ्या दिवशी, सतराव्या ठोक्याला हलला.

आणि चक निघायच्या आधी बेडवर लाकडी फळी ठेवा. माझ्या बेडवरचे पोचे कशानं पडले असतील, ते त्या जड चकचा आकार बघूनच कळत होतं.

बाकीचं खोलताना प्रत्येक भागाचा फोटो काढा आणि प्रत्येक गटाला वेगळी ताटली ठेवा. हेडस्टॉकच्या (स्पिंडल ज्यात बसतो त्या भागाच्या) बेअरिंगच्या टोप्यांखाली पितळी पापुद्र्यांच्या शिम (फट भरायच्या पातळ पट्ट्या) असतात, त्या कुठल्या बाजूच्या आहेत हे लिहून ठेवल्याशिवाय हलवू नका. पांढऱ्या धातूच्या बेअरिंगचं सगळं सेटिंग त्या शिमांवर असतं. नट-बोल्ट इंची मापाचे आहेत, मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे खातो. शहरातल्या जुन्या बाजारात इंची पान्यांचा संच मिळतो, तो आधी घ्या.

साफसफाई

बेडच्या चालत्या पृष्ठभागांना वायर ब्रश, ग्राइंडर किंवा घासकागद लावायचा नाही. लखलखीत दिसेल, पण कडा गोल होतील आणि मोजायला आधार उरणार नाही. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी आणि पितळी ब्रश एवढंच वापरा. वाळून घट्ट झालेल्या तेलाचा पिवळा थर थिनरनं सुटतो. गंजाच्या पट्ट्यावर पातळ तेल टाकून दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून ओढलं की वरचा गंज तपकिरी पेस्टसारखा निघतो आणि खाली बिडाचा राखाडी रंग दिसू लागतो. खाली बारीक खळ्या उरतात, त्या राहू द्या. त्यांत तेल साठतं.

जे भाग चालत नाहीत, म्हणजे हँडल, कंस, झाकणं, त्यांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, बॅटरी चार्जर लावून काढता येतो. भाग ऋण टोकाला, जुन्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजन सुटतो म्हणून हे काम उघड्यावर करा.

पोचे आणि काप

आता डोळ्यांना सलणारी जागा. बिडावर जड वस्तू पडली की मध्ये खड्डा होतो आणि त्याच्या भोवती धातू वर ढकलला जातो. ज्वालामुखीच्या तोंडाभोवती असते तशी कड तयार होते. सॅडल खड्ड्यावरून सुखानं जातं, पण या कडेवर चढतं. वर सॅडलच्या तळाला ओरखडेही पडतात.

कड उतरवायला चपटा, बारीक ऑइलस्टोन घ्या. दगड खरंच सपाट आहे ना ते आधी बघा. वापरात मध्ये खोलगट झालेला दगड इथं कामाचा नाही. पोच्याभोवती निळ्या मार्करनं रंग लावा, थोडं तेल टाका आणि दगडाचं वजनच दाब म्हणून वापरून वाटोळा फिरवा. चार-पाच फेऱ्यांनंतर पुसून बघा. खड्ड्याभोवती बारीक चंदेरी कडी उमटते, बाकी रंग जसाच्या तसा. ही कडी म्हणजेच उंचवटा. घासत राहा, दर वेळी नव्यानं रंग लावा. हळूहळू कडी रुंद होऊन पुसट होते. दगड आजूबाजूचा रंगही सारखाच खायला लागला की थांबा. उंचवटा गेला. त्यापुढे एक फेरीही नको. माझ्या पाच पोच्यांना मिळून एक संध्याकाळ लागली, आणि सॅडलचा खडखडाट त्या एका संध्याकाळीच निम्मा झाला.

कानस वापरली तर चालेल का, असं मला नेहमी विचारलं जातं. माझ्या मते नाही. कानस आजूबाजूचा चांगला भागही खाते आणि कुठं थांबायचं ते कळत नाही.

उरलेले खड्डे तसेच सोडले तरी लेथ अचूक चालतं. माझे हॅकसॉचे काप मात्र जवळजवळ दीड मिलिमीटर खोल होते. त्यात कीस साठून सॅडलच्या बेड पुसणाऱ्या फेल्टखाली जाईल अशी भीती होती, म्हणून ते भरले. थिनरनं तीनदा धुतले, ऑइलस्टोनच्या कामातून निघालेला नव्हे, तर वेगळ्या तुकड्याचा कोरडा बिडाचा भुगा संथ सुकणाऱ्या अराल्डाइटमध्ये घट्ट कालवला आणि कापात दाबून किंचित वर येईल इतका भरला. चोवीस तासांनी ब्लेडनं खरवडून बेडच्या पातळीला आणला. वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करून भरू नका. उष्णतेनं बेड वाकडा होतो आणि बिडात कडक गाठी तयार होतात, ज्यांवर नंतर स्क्रेपर (धातू बारीक खरवडायचं हत्यार) घसरतो.

मोजमाप: इथं घाई करू नका

सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला टप्पा हाच. बेडवर चकच्या बाजूपासून दर ५० मिमीला पेन्सिलीनं खुणा करा. प्रत्येक खुणेवर चार मापं घ्यायची.

पहिलं, पुढच्या वेची जाडी, माथ्यापासून खालच्या बाजूपर्यंत, ०-२५ मायक्रोमीटरनं. दुसरं, मागच्या वेची जाडी. तिसरं, पुढच्या वेची रुंदी, दोन्ही उभ्या कडांवर. चौथं, संपूर्ण बेडची रुंदी, पुढच्या कडेपासून मागच्या कोऱ्या कडेपर्यंत. टेलस्टॉककडच्या अगदी टोकाची मापं शून्य धरा, कारण तिथं सॅडल फारसं जात नाही.

माझे आकडे असे आले. चकपासून ७० मिमीच्या आसपास पुढचा वे ०.०८ मिमी पातळ, मागचा ०.०३ मिमी. पुढच्या वेची रुंदी ०.०९ मिमी कमी, पण पूर्ण बेडची रुंदी फक्त ०.०२ मिमी कमी. मागची कड झिजलेली नाही, म्हणजे पुढच्या कडेची झीज ०.०२. मग उरलेले ०.०७ पुढच्या वेच्या आतल्या कडेचे, जी डोळ्यांना दिसतच नाही. वरून बघितलं तर ती जागा आरशासारखी गुळगुळीत. तात्यांचं बोट ज्या जागी थांबलं नव्हतं, नेमकी तीच.

जाडीच्या मापात एक गफलत होऊ शकते. मायक्रोमीटर माथ्याची आणि खालच्या बाजूची झीज एकत्र दाखवतो, कारण सॅडलच्या खालच्या पकडपट्ट्या बेडला खालूनही घासतात. माथा वेगळा तपासायला चांगली स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) बेडवर ठेवा आणि खाली फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा संच) सरकवा. माझ्याकडे पुढच्या बाजूला ०.०७ची पात सहज गेली, ०.०८ची अडली. म्हणजे झीज जवळजवळ सगळी माथ्याचीच.

आता या आकड्यांचा जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, परिणाम काय होतो ते बघा. टूल सेंटरपासून सरळ ०.१ मिमी खाली गेलं तर २० मिमी व्यासाच्या जॉबचा व्यास फक्त एक मायक्रॉननं (मिलिमीटरच्या हजाराव्या भागानं) बदलतो. नगण्यच. टूल ०.१ मिमी आडवं, म्हणजे तुमच्या बाजूला सरकलं, तर व्यास ०.२ मिमीनं वाढतो. फरक दोनशे पट. म्हणून उभ्या कडांची झीज सगळ्यांत महाग पडते.

माथ्याच्या झिजेतही एक पेच आहे. दोन्ही वे सारखे झिजले असते तर चिंता नव्हती. माझा पुढचा वे मागच्यापेक्षा ०.०५ मिमी जास्त खाली होता. त्यामुळे सॅडल पुढे कलतं आणि टूलचं टोक माझ्याकडे येतं. बेडची रुंदी सुमारे ११५ मिमी आणि सेंटर ८९ मिमी उंच, त्यामुळे ०.०५च्या कलानं टूल साधारण ०.०४ मिमी बाहेर सरकतं, व्यासात जवळजवळ ०.०८ मिमी. कागदावर हा त्रिकोण काढून बघितल्यावर मला पहिल्यांदा नीट समजलं की खालीवर झिजलेला बेड आडवी चूक कशी करतो.

कोणता उपाय?

फरक ०.०३ मिमीच्या आत असेल आणि तुम्ही घरगुती कामच करणार असाल, तर बेडला हात न लावता लेथ चालवा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याहून जास्त असेल तर तीन वाटा आहेत.

स्वतः हातानं स्क्रेपिंग. सुंदर काम आहे, पण एका फेरीत दोन-चार मायक्रॉन निघतात. ०.०८ मिमीसाठी अख्ख्या बेडवर पंचवीस-तीस फेऱ्या, त्यातही लांब मास्टर स्ट्रेट एज हाताशी हवी. पहिल्याच प्रयत्नात बेड घेऊ नका.

मशीनवर बेड ग्राइंडिंग. माथ्यासाठी मी हे केलं. आणि उभ्या कडांसाठी मागच्या कोऱ्या कडेचा आधार घेणं, म्हणजे रुंद गाइड. मायफोर्डनंही १९७० च्या दशकात आपल्या नव्या लेथमध्ये सॅडलला दोन वेंच्या दूरच्या कडांवर आधार द्यायला सुरुवात केली. जुन्या लेथला तो बदल घरी करता येतो.

ग्राइंडिंगला देताना

ज्या दुकानात स्लाइडवे ग्राइंडर आहे तिथंच द्या, सपाट प्लेट घासणाऱ्याकडे नको. जाण्याआधी बेडवर मार्करनं न झिजलेल्या जागा रंगवा. हेडस्टॉकच्या खालची जागा आणि टेलस्टॉकचं शेवटचं टोक. ऑपरेटरला सांगा, "या दोन जागांवर डायल (उंची दाखवणारं सुईचं गेज) शून्य करून बेड सेट करा." नुसता पायांवर ठेवून क्लॅम्प आवळला तर बेड आधी वाकतो, मग वाकलेल्या स्थितीत सपाट होतो आणि क्लॅम्प सोडला की पुन्हा वाकडा होतो. पायाखाली फट असेल तिथं शिम भरा, मगच हलकं आवळा. मी स्वतः शेजारी उभा राहिलो, क्लॅम्प आवळताना डायलची सुई हलते का ते बघत. दोनदा हलली. दोन्ही वेळा त्या ऑपरेटरनं न कंटाळता शिम बदलली.

दुसरी गोष्ट: हेडस्टॉकच्या खालची जागासुद्धा त्याच सेटिंगमध्ये घासून घ्या. तसं केलं की हेडस्टॉक, सॅडल, टेलस्टॉक तिघंही सारखेच खाली येतात आणि सेंटरची उंची एकमेकांशी जुळलेली राहते. ती जागा सोडून फक्त पुढचाच भाग घासला तर टेलस्टॉक खाली जाईल आणि त्याखाली शिम भरावी लागेल. माझ्या बेडवरून ०.१० मिमी निघाले.

मागच्या कडेवर नवी पट्टी

हा भाग नाजूक आहे, कारण नवी पट्टी जशी बसेल तसंच सॅडल चालणार. पट्टी तिरकी बसली तर क्रॉस स्लाइड (टूल आडवं नेणारा भाग) स्पिंडलशी काटकोनात राहत नाही आणि फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कातणं, बिघडतं.

सॅडलची मागची उभी भिंत आणि मागच्या वेची कोरी कड यांच्यात फट असते, ती फिलर गेजनं मोजा. फटीपेक्षा ०.१५-०.२० मिमी पातळ फॉस्फर ब्राँझची किंवा ग्राउंड फ्लॅटची (घासून सपाट केलेल्या पोलादाची) पट्टी सॅडलच्या लांबीइतकी कापा. काउंटर केलेले एम३चे तीन स्क्रू लागतील, त्यांची भोकं आधी पाडून ठेवा, डोकी पट्टीच्या आत बुडतील अशी.

आता युक्ती. सॅडल टेलस्टॉककडच्या न झिजलेल्या भागात न्या आणि जुन्या गाइडवर गिबनं घट्ट बसवा. या जागी सॅडल कारखान्यातल्या मूळ दिशेनं उभं आहे. बेडच्या मागच्या कडेला मेणाचा अगदी पातळ थर चोळून पॉलिश करा. पट्टीच्या सॅडलकडच्या बाजूला अराल्डाइट लावा, पट्टी फटीत सरकवा आणि पातळ शिमांच्या पाचरींनी ती बेडच्या कडेला दाबून धरा. अराल्डाइट सुकताना पट्टी आणि सॅडल यांच्यातली उरलेली फट आपोआप भरून येते आणि पट्टी मूळ दिशेला बरोबर समांतर बसते. दोन दिवस हात लावू नका. मग सॅडल काढून स्क्रू आवळा.

शेवटी पुढच्या वेच्या आतल्या कडेला लागणारी सॅडलची जुनी बाजू पाव मिलिमीटर खरवडून मोकळी करा. ही पायरी राहिली तर सॅडल दोन्हीकडे टेकतं आणि अडकतं. आता सॅडल मागच्या कोऱ्या कडेवर चालतं, पुढची गिब त्याला फक्त दाबून धरते.

सॅडलचा तळ जुन्या झिजलेल्या बेडवर बसलेला होता, म्हणून तो नव्या माथ्यावर जुळवायला हवा. बेडवर प्रशियन ब्लूचा (न सुकणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात मारा, सॅडल ठेवून दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे करा, उलटवा. निळे लागलेले ठिपके म्हणजे उंच जागा, तेवढेच स्क्रेपरनं उतरवा. पहिल्या वेळी माझ्या सॅडलवर फक्त दोन टोकांना निळं होतं, मध्ये काहीच नाही. तेरा फेऱ्यांनी ठिपके सगळीकडे पसरले. इंचभर चौकटीत दहा-बारा ठिपके दिसले की घरच्या लेथला पुरे. स्क्रेपिंग शिकायचं असेल तर सॅडलचा तळ ही योग्य जागा आहे: क्षेत्र लहान, मास्टर म्हणून ताजा घासलेला बेड हाताशी.

जोडणी

सॅडल ०.१० मिमी खाली आलं, म्हणून हाफ-नटही लीडस्क्रूच्या (सॅडल आपोआप चालवणाऱ्या लांब स्क्रूच्या) खाली गेला; हा नट बंद केला की त्या स्क्रूला पकडतो. लीडस्क्रूचे कंस सैल करा, सॅडल एका टोकाला नेऊन हाफ-नट बंद करा आणि त्या बाजूचा कंस आवळा. मग दुसऱ्या टोकाला तेच. कंसात डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या) असतील तर त्या काढून नव्या जागी बसवाव्या लागतात. खालच्या पकडपट्ट्यांच्या शिमाही नव्यानं जुळवा.

हेडस्टॉकमध्ये स्पिंडल जुन्याच शिमांवर बसवा, लाकडी दांड्यानं चकखालून उचलून डायलवर किती हलतो ते बघा. माझा ०.०३ मिमी हलला, तो तसाच ठेवला. पांढरा धातू खराब होतो तो तेलाशिवाय चालवल्यानं. हेडस्टॉकला ३२ नंबरचं हायड्रॉलिक तेल, बेडला ६८ नंबरचं स्लाइडवे तेल.

बेडचा पीळ काढणं

घासलेला बेड टेबलावर आवळताच पिळला जाऊ शकतो. एवढं केलेलं काम चार बोल्ट वाया घालवतात. आधी स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून दोन्ही टोकं सारखी करा. मग खरी चाचणी: २५ मिमीचा बार चकमध्ये १२० मिमी बाहेर काढून पकडा, टेलस्टॉक लावू नका. बारवर दोन कॉलर ठेवा, एक चकजवळ, एक टोकाला, मधला भाग कमी व्यासाचा. धारदार टूलनं एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवर ०.१ मिमीचा हलका कट घ्या आणि मोजा.

टोकाकडची कॉलर मोठी आली तर त्या टोकाला टूल तुमच्याकडे जास्त आहे. टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली पातळ शिम घाला, बेड मागे कलतो आणि टूल जॉबकडे जातं. कॉलर लहान आली तर मागच्या पायाखाली. शिम बदलली की बोल्ट पुन्हा आवळा, पुन्हा कट, पुन्हा मोजा. माझा फरक ०.०४ मिमीवरून सहाव्या कटला ०.००८ वर आला. पुढच्या पायाखाली शेवटी ०.१५ची शिम राहिली.

त्यानंतर ७५ मिमीची चकती फेस करून तिच्यावर स्ट्रेट एज उभी धरा. मध्ये अगदी बारीक पोकळ चालते, फुगवटा चालत नाही. फुगवटा आला तर नवी पट्टी तिरकी बसली आहे, ती पुन्हा बसवावी लागेल. मग टेलस्टॉक, तो सर्वांत शेवटी जुळवायचा.

चाचणीचा बार तात्यांनी हातात घेतला, मायक्रोमीटर न मागता दोन्ही कॉलरवर आळीपाळीनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता ह्याला पावसाळ्याचं जप."

आमच्याकडे जूनमध्ये हवा ओली झाली की ताजं घासलेलं बीड एका रात्रीत तांबूस होतं. काम संपल्यावर कीस ब्रशनं काढा, कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, तो गिबखाली जाऊन बसतो. बेड पुसून ६८चा पातळ हात द्या आणि वर तेलात भिजवून पिळलेला जाड सुती कपडा टाका. प्लॅस्टिकचं आच्छादन नको, आतल्या बाजूला दव धरतं. आठवडाभर लेथ वापरणार नसाल तर सॅडल चकपासून दूर, बेडच्या मध्यावर नेऊन ठेवा आणि चार दिवसांनी एकदा हलवा, म्हणजे त्याच्याखाली गंजाचा चौकोन उमटत नाही.